मालगाडी ओढणारं वाफेचं इंजिन: फोटोआधी काय काय बघायचं

वाफेच्या इंजिनाचे फसलेले फोटो नीट पाहिले तर बहुतेकांत एकच गोष्ट दिसते. फोटो घेतला तेव्हा इंजिन काम करत नव्हतं. रंग चकाचक, पितळ घासलेलं, ऊनही बरं. पण धुराड्यातून काहीच निघत नाही आणि मागची गाडी नुसती घरंगळत चालली आहे. उताराला किंवा स्टेशन जवळ आलं की ड्रायव्हर रेग्युलेटर बंद करतो. सिलिंडरमध्ये वाफ जात नाही, म्हणजे धुराड्यातून भपका येत नाही. अशा वेळी कॅमेरा कितीही महागाचा असला तरी फोटो मेलेलाच येतो.

मालगाडीचा हट्ट त्यासाठीच. पर्यटकांचे चार-पाच डबे मोठ्या इंजिनाला जाणवतसुद्धा नाहीत. मागे भरलेले वाघिणीचे डबे असले, पुढे चढ असला आणि गाडी उभ्यावरून सुटत असली, की इंजिनाला जोर लावावाच लागतो आणि तो जोर डोळ्यांना दिसतो.

आपल्याकडे ब्रॉडगेजवर मालगाड्यांसाठी डब्ल्यूजी हा वर्ग होता. चित्तरंजन कारखान्यातून १९५० साली बाहेर पडलेलं पहिलं इंजिन ‘देशबंधू’ याच वर्गाचं, आणि १९७० साली तिथं बनलेलं शेवटचं ब्रॉडगेज वाफेचं इंजिन ‘अंतिम सितारा’ हेही डब्ल्यूजीच. १९९५च्या डिसेंबरात ब्रॉडगेजवरची नियमित वाफ थांबली. आपल्या शकुंतलेचं, म्हणजे मूर्तिजापूर–यवतमाळ–अचलपूर नॅरोगेजचं, १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं झेडडी इंजिन त्याआधीच, १९९४च्या एप्रिलात उतरलं. ती लाइन मुळात वऱ्हाडच्या कापसासाठी टाकलेली, म्हणजे जातीनं मालगाडीचीच. आता तिथं रूळ आहेत, गाडी नाही.

आज दुरुस्त केलेलं इंजिन मालडबे ओढताना बघायचं तर बहुधा बाहेरच जावं लागतं. इंग्लंडात लॉफबरो ते लेस्टर ही ग्रेट सेंट्रल रेल्वे दुहेरी रुळांची आहे आणि तिच्याकडे जुन्या १६ टनी कोळसा-वाघिणींचा रेक, म्हणजे एकत्र जोडलेल्या मालडब्यांची अख्खी रांग, जपून ठेवलेला आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातली स्ट्रासबर्ग रेल्वे अधूनमधून गिऱ्हाइकाचा खराखुरा माल वाफेच्या इंजिनानं नेते. आपल्याकडे रेवाडीच्या शेडमध्ये इंजिनं चालू स्थितीत ठेवली आहेत, पण त्यांच्या नशिबी बहुधा पर्यटकांचे डबे. तरीही तयारी इथंच करता येते, कारण निम्मं कसब ऊन, वारा आणि लांबलचक रेक सांभाळण्याचं आहे, आणि या तिन्हींची विदर्भात ददात नाही.

आधी वाफेचं. धुराड्यातून निघतं ते दोन गोष्टींचं मिश्रण असतं: सिलिंडरमधून काम करून आलेली वाफ आणि फायरबॉक्समधला धूर. पांढरं दिसतं ते थंड हवेत वाफेचे झालेले बारीक थेंब. खरी वाफ दिसत नाही. कडक उन्हात धुराड्याच्या तोंडाशी थोडी रिकामी जागा दिसते ती तीच. हवा १० अंशांच्या आसपास आणि दमट असेल तर थेंब लवकर विरत नाहीत, पांढरा पट्टा मागच्या डब्यांवर दूरवर लोळतो. पारा तिशीपुढे गेला आणि हवा कोरडी असली की तीच वाफ बाहेर पडताच नाहीशी होते. मे महिन्यात आपल्याकडे पंचेचाळीस अंशांत जीव तोडून चढ चढणारं इंजिनही फोटोत बंद पडल्यासारखं दिसेल. डिसेंबर-जानेवारीतली सूर्योदयानंतरची दोन तास हीच खरी वेळ. श्रावण-भादव्यात पाऊस उघडल्याबरोबरही वाफ चांगली टिकते, कारण हवेत आणखी ओल घ्यायला जागाच नसते. पण तेव्हा उजेडाचा भरवसा नाही.

काळ्या धुराबद्दल स्पष्टच सांगायला हवं. काळा लोट म्हणजे अर्धवट जळलेला कोळसा. फायरबॉक्समध्ये एकदम जास्त कोळसा टाकला आणि हवा कमी पडली की तो निघतो. नियमित गाड्यांच्या काळी असा धूर काढणाऱ्या फायरमनला बोलणी बसायची, कारण वाया जाणारा कोळसा आणि उतरणारा वाफेचा दाब दोन्ही त्याच्याच माथी. फोटोसाठी काढलेल्या खास गाड्यांवर मात्र हौशी मंडळी काळ्याचाच आग्रह धरतात. आमच्या मते तो बहुतेक वेळा फोटो बिघडवतो. काळं इंजिन, काळा धूर, वर त्याचीच सावली बॉयलरवर. मग उरतं काय? राखाडी-पांढरा मिश्र भपका सगळ्यांत देखणा. चढाच्या दोन-तीन मिनिटं आधी बेताचा कोळसा पडलेला असला की तो आपोआप मिळतो.

गाडी सुटताना बाजूनं जे पांढरे ढग निघतात ते वेगळे. इंजिन उभं असताना सिलिंडरमध्ये वाफेचं पाणी साचतं. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे ते तसंच राहिलं तर पिस्टनच्या धक्क्यानं सिलिंडरचं झाकण फुटू शकतं. म्हणून पहिले काही फेरे ड्रेन कॉक, म्हणजे सिलिंडरमधलं पाणी बाहेर सोडायच्या तोट्या, उघडे ठेवतात. दृश्य नाट्यमय असतं, पण चाकं आणि दांडे पूर्ण झाकले जातात. ड्रेन कॉक हवे की बंद, हे गाडी सुटण्याआधी ठरवून ड्रायव्हरला सांगायचं. आणि उघडे असतील तर सिलिंडरच्या बाजूला जवळ उभं राहायचं नाही. उकळतं पाणी आणि वाफ बरीच लांब येते.

जोर नेमका किती, ते कानानं कळतं. दोन सिलिंडरच्या इंजिनात चाकाच्या एका फेऱ्यात चार भपके निघतात. डब्ल्यूजीच्या मोठ्या चाकाचा व्यास १,५६२ मिमी, म्हणजे घेर साधारण ४.९ मीटर. ताशी १८ किमी म्हणजे सेकंदाला ५ मीटर, तेव्हा सेकंदाला जवळपास एक फेरा आणि चार भपके. हा वेग फोटोला फार सोयीचा: प्रत्येक भपका वेगळा ऐकू येतो आणि वाफेत गोळ्यामागून गोळा असा वेगळा दिसतोही. ताशी ३६ किमीला आठ भपके होतात आणि वर सपाट पट्टा तयार होतो. गाडी वळणाआड असतानाच आवाज धीमा आणि जड येत असेल तर बोट बटणावर ठेवा. नुसता खडखडाट येत असेल तर रेग्युलेटर बंद आहे, पुढच्या जागेचा विचार करा.

खास गाड्यांच्या मागे दहा-वीस डबेच असतात, आणि तेही बहुधा रिकामे. इंजिनाला ते हलके पडतात. यावरचा जुना उपाय म्हणजे शेवटी एक डिझेल जोडून त्याचे ब्रेक किंचित लावून ठेवायचे. इंजिनाला ओढावं लागतं, भपके कडक निघतात. डिझेल वळणाआड किंवा झाडांमागे राहील अशी जागा मात्र शोधावी लागते. आणखी एक अडचण ब्रेकची: जुनी इंजिनं व्हॅक्युम ब्रेकची, आजच्या वाघिणी एअर ब्रेकच्या. इंजिनावर एअर ब्रेकची सोय करून घेतल्याशिवाय तो रेक त्याला थांबवता येत नाही. म्हणून ‘एखाद्या दिवशी लावा की आपल्या कोळशाच्या रेकला’ हे बोलायला सोपं आहे. शिवाय आजचा ५८ बॉक्सएन वाघिणींचा भरलेला रेक सुमारे ४,७०० टनांचा. तो डब्ल्यूजीच्या काळातला भारच नव्हे.

आता ऊन. वर्धा–बडनेरा लाइन ढोबळमानानं पूर्व-पश्चिम आहे आणि वर्धा–बल्लारशाह उत्तर-दक्षिण. हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेकडे कललेला, म्हणून पहिल्या लाइनीवर दिवसभर दक्षिणेच्या बाजूला उभं राहायचं. सकाळी नागपूरकडे जाणाऱ्या गाडीच्या तोंडावर ऊन असतं, दुपारनंतर बडनेऱ्याकडे जाणाऱ्या. बल्लारशाह लाइनीवर सकाळी पूर्वेची बाजू, संध्याकाळी पश्चिमेची. इतकं साधं गणित. पण नकाशा न बघता वावरातून चालत गेलेली मंडळी उलट्या बाजूला उभी दिसतात.

वाफेच्या इंजिनाला ऊन खालून लागतं, म्हणजे तिरपं. चाकं, दांडे आणि सिलिंडर हे सगळं पायपट्टीच्या, म्हणजे बॉयलरच्या कडेनं चालायच्या अरुंद फळीच्या, सावलीत असतं. सूर्य क्षितिजावर १५ ते २५ अंशांवर असताना ऊन त्या पट्टीखाली शिरतं. जानेवारीत आपल्याकडे हे सकाळी आठ ते नऊच्या सुमारास होतं. मेच्या अखेरीस तर नागपुरात दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, तेव्हा पट्टीखालचं सगळं काळं खोकं. मात्र तिरप्या उन्हाची किंमत सावल्यांत मोजावी लागते. सूर्य १४ अंशांवर असताना पाच मीटर उंचीच्या बाभळीची सावली वीस मीटर लांब पडते. रुळावर कुणाची सावली येतेय ते गाडीच्या वेळेला बघा, तासभर आधी बघून उपयोग नाही. वीजवाहिनीच्या खांबांच्या सावल्यांचं तेच. दोन खांबांच्या मधोमध इंजिन येईल ती जागा रुळांच्या बाहेरूनच एखाद्या दगडाच्या किंवा झुडपाच्या खुणेनं हेरून ठेवायची.

वाऱ्याची एक कटकट विदर्भापुरती खास. हिवाळ्यात आपल्याकडे वारा बहुधा उत्तर-ईशान्येकडून येतो आणि ऊन दक्षिणेकडून. म्हणजे पूर्व-पश्चिम लाइनीवर तुम्ही बरोबर उजेडाच्या बाजूला उभे असता आणि वाफ नेमकी तुमच्याकडेच पडते. अर्धा रेक गायब, बॉयलरवर वाफेची सावली. याला लेन्सचा उपाय नाही. सूर्योदयानंतर वारा पडलेला असतो तेवढाच वेळ साधायचा, नाहीतर गाडी वळून दक्षिणेला जाते अशी जागा घ्यायची. समोरून वारा असेल तर वाफ चपटी होऊन छतावरून मागे पळते. पाठीमागून, गाडीच्याच वेगाचा असेल तर सरळ उभी राहते. ती उभी वाफ चौकटीत मावत नाही, म्हणून कॅमेरा आधीच उभा धरा.

एक्स्पोजर ऑटोवर सोडलं की काळ्या इंजिनाला कॅमेरा राखाडी करायला जातो आणि वाफेचा पांढरा रंग जळून जातो, म्हणजे त्यात काही तपशीलच उरत नाही. मॅन्युअलच ठेवायचं. मोजणी इंजिनावर करायची नाही, आणि आपल्याकडच्या गिट्टीवरही नाही, कारण ती काळ्या दगडाची, त्यावर कोळशाची भुकटी. पांदणीतलं उन्हातलं वाळलेलं गवत बरं. त्यावर मोजून दोन तृतीयांश स्टॉप कमी करा (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट). हिवाळ्यातल्या सकाळच्या स्वच्छ उन्हात आयएसओ ४००, एफ ८, शटर १/५०० सेकंद इथून सुरुवात करायला हरकत नाही. सावल्या नंतर उचलता येतात, जळालेली वाफ परत येत नाही. फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेली, हवी. गाडी समोर येताना हेडलाइट पेटलेला असतो, त्यानंही ऑटोची दिशाभूल होते.

चाकांचे जोडदांडे खालच्या बाजूला असतानाचा फोटो जाणकार मागतात. ती नुसती आवड नाही. फिरणाऱ्या चाकाचा रुळाला टेकलेला भाग त्या क्षणी स्थिर असतो आणि वरचा भाग गाडीच्या दुप्पट वेगानं पुढे जातो. डब्ल्यूजीचा क्रँक, म्हणजे दांडा चाकाला जिथं जोडतात ती खुंटी, मध्यापासून सुमारे ३५५ मिमीवर. म्हणजे ताशी १८ किमीला दांडा वर असताना सेकंदाला सव्वासात मीटर धावतो, खाली असताना जेमतेम पावणेतीन. १/५०० ला वर तो दीड सेंटीमीटर सरकतो, खाली अर्धा. दांडे खाली असले की ते धारदारही येतात आणि चाकांच्या आऱ्या मोकळ्या दिसतात. सेकंदाला दहा फ्रेम घेणारा कॅमेरा या वेगाला एका फेऱ्यात दहा फ्रेम देतो, त्यातल्या दोन-तीन कामाच्या. ताशी ३६ ला पाचच मिळतात आणि त्यांत एखादीच.

कॅमेरा फिरवत फोटो घ्यायचा तर १८ किमीला १/१५ ते १/२५, ३६ ला १/३० ते १/५०. नजर धुराड्यावर नको, सिलिंडरवर ठेवा. वाफ हलती असते आणि फोकस तिच्यावर घसरतो.

मालगाडीची खरी पंचाईत तिच्या लांबीची. आजचा भरलेला कोळशाचा रेक इंजिनासह साडेसहाशे मीटर जातो. सरळ रुळावर बाजूनं घेतला तर इंजिन मुंगीएवढं. २०० ते ३०० मिमीची लेन्स लावून वळणाच्या बाहेरच्या बाजूनं घेतला तर डबे एकमेकांवर रचल्यासारखे येतात आणि वजन जाणवतं. आतल्या बाजूनं घेतला तर डब्यांची रांग स्पष्ट दिसते, पण चढ सपाट वाटतो. लांब लेन्सचा शत्रू म्हणजे गिट्टीवरून उठणारी गरम हवा. डिसेंबरातही दहा वाजून गेले की तीनशे मीटरवरचा इंजिनाचा नंबर थरथरायला लागतो. महागडी लेन्स काय, ट्रायपॉड काय, काही चालत नाही. तेव्हा लांबचा नाद सोडून ५० ते ८५ मिमीवर, रुळापासून वीसेक मीटरवर यावं.

सराव कोळशाच्या रेकवर करा. वर्धा–बल्लारशाह पट्ट्यात, माजरी-ताडाळीच्या बाजूला आणि घुग्घुस-वणीकडे ते सतत चालू असतात. विजेच्या इंजिनाला वाफ नाही, बाकी सगळं तेच: काळा माल, लांब रेक, धूळ, तिरपं ऊन. उभं राहायची जागा फाटकाबाहेरचा रस्ता, उड्डाणपूल किंवा वावराचा धुरा. धुऱ्यावर जायला मालकाला विचारायचं, तूर उभी असेल तर विचारूनही उपयोग नाही, ती डोक्याच्या वर गेलेली असते. कपाशी कमरेएवढी, तिच्यावरून फोटो छान येतो. बोंडं फुटलेली असली तर पुढचा पांढरा आणि कोळशाचा काळा एकाच चौकटीत. वेचणीच्या दिवसांत बायका ओळीत असतात, त्यांना विचारल्याशिवाय कॅमेरा त्यांच्याकडे वळवू नये.

रुळांच्या हद्दीत शिरणं हा रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याहून मोठी भीती वरच्या तारेची. २५,००० व्होल्टला अंगाचा स्पर्शही लागत नाही. अॅल्युमिनियमची शिडी, उंच मोनोपॉड, सेल्फी स्टिक यांतलं काहीही उड्डाणपुलावरून तारेच्या दिशेनं काढायचं नाही. दुहेरी लाइनीवर एका गाडीच्या आवाजात दुसरी ऐकू येत नाही.

काळ्या रंगाचं एक्स्पोजर शिकायला उभं इंजिनही चालतं. नागपूरला मोतीबागेत नॅरोगेजचं संग्रहालय आहे. तिथल्या इंजिनावर सकाळी एकदा, दुपारी एकदा मोजणी करून बघितली की पायपट्टीखालची सावली किती स्टॉप खाते ते कळतं.

फोटोसाठीच्या खास गाडीवर गेलात तर रीत अशी. गाडी थांबते, सगळे उतरून एका रांगेत येतात, गाडी चार-पाचशे मीटर मागे जाते, शिट्टी देते आणि जोरात येते. पुढचे बसतात, मागचे उभे राहतात. गाडी मागे गेल्यावर कुणीही रांगेच्या पुढे पाऊल टाकत नाही, आणि भडक जाकीट घालून कुणी समोरच्या बाजूला उभं राहत नाही. पहिल्या फेरीला नुसता फोटो घ्या. ड्रायव्हरला काय बदलून हवं ते सगळ्यांच्या वतीनं एकानंच जाऊन सांगायचं. वाफेचा दाब भरायला वेळ लागतो, म्हणून चौथ्या-पाचव्या फेरीची अपेक्षा धरू नये. तोवर सूर्यही वर गेलेला असतो.

धुळीचं शेवटी. घुग्घुस-वणीकडची कोळशाची भुकटी आणि इंजिनाची राख दोन्ही तेलकट आणि खरखरीत असतात. फडक्यानं पुसली की काचेवर चरे. आधी हातपंप्यानं उडवायची, मग मऊ ब्रश, ओला कपडा सगळ्यांत शेवटी. लेन्स वाऱ्यात बदलू नका. दोन कॅमेरे असतील तर एकावर लांबची, एकावर जवळची लावूनच निघा. डोळ्यांना साधा पारदर्शक चष्मा लावा. धुराड्याची ठिणगी सुती कपड्याला बारीक भोक पाडते, नायलॉनचं जाकीट मात्र वितळून अंगाला चिकटतं, तेव्हा थंडी कितीही असली तरी वरून सुतीच.